बेरिंगवरचं रबर

माझ्या दुकानात दारामागे एक खिळा आहे. पाच महिने त्याच्यावर सात रबरी रिंगा लटकत होत्या. होत्या आठ, पण आठवी बाईनं नेली होती. त्या रिंगांची गोष्ट मी आजवर एकाच माणसाला सांगितली, आणि तेवढं तोंड उघडायलाही मला पंधरा दिवस लागले.

मी मूळचा मिलचा मिस्त्री. वीस वर्षं गोंदियाच्या राइस मिलांमध्ये घासली, मग अर्जुनी मोरगावला स्वतःचं दुकान टाकलं. थ्रेशर, मोटरपंप, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जे येईल ते करतो. पण हात मिलचाच राहिला. मिलमध्ये बेरिंगचा वैरी एकच, धूळ. धानाचा बारीक कोंडा ग्रीसमध्ये बसला की ग्रीसचा पॉलिशपेपर होतो आणि नवंकोरं बेरिंग एका हंगामात खाऊन टाकतो. म्हणून आमच्याकडचा मिस्त्री नवं बेरिंग बसवताना आधी स्क्रू-ड्रायव्हर घालून त्याच्या बाहेरच्या तोंडावरचं रबर उपटून टाकतो. आतलं ठेवायचं, बाहेरचं काढायचं. मग ग्रीसगन मारली की जुनं काळं ग्रीस कोंडा घेऊन त्या उघड्या तोंडातून बाहेर पडतं. शेठलोकांनाही तेच पाहिजे असतं. बेरिंगच्या तोंडाशी ग्रीसचा गोळा दिसला की मिस्त्री कामाचा. बेरिंग विकणारे कितीही ओरडले तरी आम्ही ऐकत नाही, कारण मिल आमच्या हातानं चालते, त्यांच्या कागदानं नाही.

आमच्या उस्तादनं मला दोन गोष्टी शिकवल्या. एक हे रबर काढणं. दुसरी ऐकणं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. चांगलं बेरिंग एका सुरात गुणगुणतं. खराब झालेलं घसा खरवडल्यासारखं बोलतं. माझा कान असा तयार झाला होता की लोक मला लांबून बोलवायचे. त्याचा मला माज होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आई रोवण्याला, कापणीला जायची, तेव्हा मला हिनंच कडेवर घेऊन वाढवलं. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचं सासर नाल्यापलीकडच्या गावात, माझ्या दुकानापासून जेमतेम आठ किलोमीटरवर. भाऊजींची धानाची शेती, खाऊनपिऊन बरं चाललेलं. मग बाईच्या पायांवर सूज यायला लागली, तोंड सकाळी फुगलेलं दिसायला लागलं, आणि गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा, गोंदियाला मशीनवर. सकाळच्या गाडीनं जायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं, संध्याकाळी परत.

मशीनची सुई टोचायला तिच्या डाव्या हातात दोन शिरा जोडून दिल्या होत्या. त्या जागी बोट ठेवलं की कातडीखाली सतत थरथर लागायची. पहिल्यांदा तिनं माझं बोट धरून तिथं ठेवलं आणि म्हणाली, "पाह्य गा मिस्त्री, माह्याही आंगात मोटर बसवली. ऐक, बेरिंग बरोबर आहे का?" मी बोट काढून घेतलं. मला ते सहन झालं नाही. ती मात्र दात काढत होती. नंतर सवय झाली. भेटलो की मी तिथं बोट ठेवायचो आणि म्हणायचो, "बरोबर चालून राहिली."

तिच्या गावाला जायला नाल्यावर एक रपटा आहे. रपटा म्हणजे ठेंगणा पूल, थोडं पाणी चढलं की बुडतो. दोन पावसाळ्यांपूर्वी तो चार दिवस बुडून राहिला आणि बाईची मशीनची एक पाळी चुकली. पाळी चुकली की अंगातलं पाणी बाहेर जात नाही, ते छातीत चढतं. तिला आडवं पडता येईना. पाचव्या दिवशी पाणी कमरेएवढं उतरल्यावर चार जणांनी तिला खाटेवर बसवून, खाट खांद्यावर घेऊन पलीकडे आणलं. मी अलीकडच्या काठावर उभा होतो. खाट पाण्यात डगमगली तसा मी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरलो. डॉक्टर म्हणाला, या वेळी जमलं, दर वेळी जमेलच असं नाही. भाऊजी गप्प माणूस. त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, "पुढच्या पानकाळ्यात काय करावं गा?"

त्या प्रश्नानं मला रात्रंदिवस पोखरलं. तशात एक काम आलं. जवळच्या तलावाच्या काठावर गोंदियाच्या एका व्यापाऱ्यानं रिसॉर्ट काढलं होतं. ते चाललं नाही. तिथला जनरेटर बघायला गेलो तर मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक विचित्र गाडी उभी. प्लास्टिकचा टबासारखा देह, आठ चाकं, चाकं बसकी आणि फुगीर. जमिनीवर चालते आणि पाण्यातही पोहते, चाकंच पाणी मागे लोटतात. पर्यटकांना फिरवायला आणलेली, तीन वर्षांपासून पडून. शिटेत उंदरांनी घर केलं होतं. मी व्यापाऱ्याला बाईचं सांगितलं. त्यानं फार विचार केला नाही. "ले जाओ भाई, यहाँ खड़ी खड़ी सड़ ही रही है. किसी के काम आए तो अच्छा है." मी त्याला हात जोडले आणि गाडी ट्रॉलीवर चढवून दुकानात आणली. बाईच्या गावच्या लोकांनी पुढे त्या गाडीचं नाव ठेवलं आठ चाकाचा डोंगा, म्हणजे होडी.

इंजिन दोन दिवसांत बोललं. खरं दुखणं चाकांत होतं. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं की बोटभर डुलायचं. आठ चाकांचे आठ अॅक्सल, प्रत्येकाला एक बेरिंग देहाच्या बाहेरच्या अंगाला आणि एक आत. सोळाच्या सोळा गेलेली. एकेक चाक उतरवायचं, आतून फळी काढून साखळी सैल करायची, बाहेरच्या बेरिंगचं घर देहाला ज्या बोल्टांनी धरलेलं ते सोडवायचं आणि अॅक्सल बाहेर ओढायचा. ऐकायला सोपं वाटतं. तीन वर्षांत बेरिंग अॅक्सलवर असं गंजून बसलेलं की दोन ठिकाणी मला ते कटरनं चिरावं लागलं. अॅक्सलवर ओरखडा येऊ नये म्हणून श्वास रोखून काम करायचो. जुन्या बेरिंगवरचा नंबर पुसला गेला होता. व्हर्नियर लावून मोजलं आणि हसायलाच आलं. मिलमध्ये धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरला लागतं तेच माप. परदेशातली गाडी, आणि तिचं बेरिंग गोंदियाच्या कोणत्याही दुकानात मिळणारं. मला वाटलं, ही गाडी माझ्यासाठीच बनलेली आहे. तिथंच माझी अक्कल गहाण पडली.

होळी होऊन गेली होती. त्या दिवशी बाई मशीनवरून परतली होती आणि भाऊजी ऑटो बघायला गेले तोवर दुकानात स्टुलावर बसली होती. मशीनवरून आली की ती चोळामोळा झालेली असायची, पण जीभ शाबूत. मी बाहेरची बेरिंगं बसवत होतो. गाडीच्या प्रत्येक बाहेरच्या बेरिंगवर एक जाड रबरी रिंग चढवलेली होती. जुनी असूनही मऊ होती, ओढली की ताणायची. त्या मी काढून बाजूला ठेवल्या होत्या. आणि नवीन बेरिंगचं बाहेरचं पातळ रबर मी सवयीप्रमाणे स्क्रू-ड्रायव्हरनं उपटत होतो. खट्, आणि बाजूला. खट्, आणि बाजूला.

"हे कायले काढून राहिलास?" बाईनं विचारलं.

"ग्रीस बाहेर याले पायजे म्हणून."

"मंग त्यायनं लावलं कायले होतं?"

मला राग आला. खरं सांगतो, आला. आठ दिवस कंबर मोडून काम करत होतो, तेही तिच्यासाठी, आणि ती मला बेरिंग शिकवत होती. मी म्हणालो, "तुले काय समजते वो बाई त्याच्यातलं? धान निवडण्याचं काम आहे का हे?"

तिनं राग मानला नाही. "बरं बावा, मिस्त्री तू," म्हणाली, आणि बाजूच्या जाड रिंगांतली एक उचलून बोटांवर फिरवत बसली. तिची दवाखान्याची फाइल म्हणजे कागदांचं भेंडोळंच होतं. ती ते गुंडाळून प्लास्टिकच्या थैलीत ठेवायची. तिनं थैलीचं तोंड पिळलं, त्यावर रिंग ताणून दोन वेढे दिले, आणि थैली हलवून पाहिली. घट्ट बसलं. "हे माह्या कामाचं आहे. नेऊ का?"

"ने. मले नाही लागत."

उरलेल्या सात मी खिळ्याला अडकवल्या. वस्तू फेकून देणारा मिस्त्री मी नाही.

गाडी मी तलावात घालून पाहिली. मस्त चालली. तासभर काठाकाठानं फिरवली, बाहेर आणली, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून आठही चाकं ऐकली. एका सुरात. त्या संध्याकाळी माझ्याएवढा सुखी माणूस तालुक्यात नसेल. बाई काठावर पदर सावरत उभी होती. एवढा तलाव समोर, आणि तिला दिवसाला मोजून दोन गिलास पाणी प्यायची परवानगी. "तुह्या गाडीले पाह्य, पोटभर पानी भेटलं," म्हणाली. मग भाऊजींकडे वळून म्हणाली, "आता मी नाही मरत पानकाळ्यात. माह्या भावानं जहाज बनवलं."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. ऐकू आलं की मी हातातलं काम खाली ठेवतो.

पाऊस लागला. रपटा बुडाला तेव्हा गाडी मी पलीकडे भाऊजींच्या अंगणात नेऊन ठेवली होती आणि रपटा बुडायची चिन्हं दिसली की मीही तिथं मुक्कामाला जायचो. पहिल्या खेपेला बाई, भाऊजी आणि मी नाला ओलांडून आलो. सगळं गाव काठावर. दुसरी खेप झाली, तिसरी झाली. प्रत्येक खेपेनंतर मी ग्रीसगन मारायचो. तिसऱ्या खेपेनंतर डाव्या बाजूच्या तिसऱ्या चाकातून ग्रीस आलं ते पांढरट होतं. पातळ, पांढरट. मी चिंधीनं पुसलं. एवढंच केलं. मिलमध्ये काळं ग्रीस येतं, पिवळं येतं, पांढरं कधी येत नाही. म्हणजे मला कळायला हवं होतं. मनात एकदा आलंही, चाक उतरवून बघावं. पण पाऊस पडत होता, अंगणात चिखल होता, आणि गाडी चालत होती. उद्या बघू म्हणालो. मिस्त्र्यानं स्वतःशी बोललेलं उद्या बघू दुसरं कोणी ऐकत नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी पाणी असं फुगलं की मी स्वतःच गाडी घातली नाही. ओंडके वाहत होते. बाईची पाळी चुकली. बुधवार गेला, गुरुवार गेला. तिचा श्वास लागायला लागला. भिंतीला पाठ टेकून बसल्याबसल्या झोपायची. शुक्रवारी सकाळी पाणी ओसरलं नव्हतं, पण वेग कमी झाला होता. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना विचारायचं होतं, पण ते विचारणार नाहीत हे मला माहीत होतं. मीच म्हणालो, "चालते. काही होत नाही." बाईला उचलून मधल्या शिटेवर बसवलं. तिच्या मांडीवर फाइलची थैली, हातात स्टीलचा डबा. गोंदियाची आगगाडी सुटायला पाऊण तास होता.

अर्धा नाला पार केला आणि मला आवाज आला. स्क्रू-ड्रायव्हर लागलाच नाही. इंजिनाच्या, पाण्याच्या आवाजातून तो सरळ माझ्या पायांतून वर आला. खरड. मग कर्रर. मी तिथंच ओळखलं, डावीकडचं तिसरं. हँडल सोडता येईना, धरून काही करता येईना. चाक जाम झालं, आणि आत साखळी तुटल्याचा फटका बसला. डावीकडची चारही चाकं मेली. उजवीकडची चालूच होती, त्यामुळे गाडी स्वतःभोवती फिरली आणि प्रवाहानं तिला खाली ओढलं. मी इंजिन बंद केलं. बाई ओरडली नाही. तिनं एका हातानं भाऊजींचा सदरा धरला आणि दुसऱ्या हातानं थैली छातीशी.

आम्ही शंभर एक पावलं वाहत गेलो आणि पाण्यात अर्ध्या बुडालेल्या करंजाच्या झाडात अडकलो. म्हणून वाचलो. दोर होता, तो मी खोडाला बांधला. फुटक्या बेरिंगच्या घरातून पाणी आत येत होतं. मी आणि भाऊजी बाईच्या डब्यानं उपसत राहिलो. डब्यातली भाकर तिनं आधी काढून शिटेवर ठेवली होती. ती भिजली. आगगाडीची शिट्टी आम्हाला झाडात बसून ऐकू आली. बाई म्हणाली, "गेली." बास, एवढंच. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. थोड्या वेळानं तिनंच डावा हात पुढे केला. "पाह्य, मोटर चालून राहिली ना?" मी बोट ठेवलं. चालू होती. "मंग कायले रडतेस बह्याडा?"

दुपार झाली तेव्हा अलीकडच्या काठाचे दोन ढिवर, म्हणजे मासेमार, आपला लाकडी डोंगा घेऊन आले. दोराला धरून, वल्ही मारत, अगदी सावकाश. तळाला डांबर फासलेला एका खोडाचा डोंगा, त्यात बेरिंग नाही की साखळी नाही. त्यांनी बाईला अलगद उतरवून नेलं. अलीकडच्या काठावरून जीप केली. सरळ रस्त्यावर एका ठिकाणी पाणी होतं, फेर घालून जावं लागलं. जीपमध्ये ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती. श्वास घेताना तिच्या छातीत बुडबुडे वाजत होते. माझ्या कानाला ते सगळं ऐकू येत होतं, त्या दिवशी मला माझ्या कानाची किळस आली. तिचा डावा हात माझ्या हातात, माझं बोट त्या जागेवर. गोंदिया दहा-बारा किलोमीटर राहिलं असेल. मला आधी वाटलं, रस्ता खराब आहे म्हणून थरथर लागत नाही. ड्रायव्हरला म्हणालो, जरा थांब. गाडी थांबली तरी बोटाखाली काही नव्हतं.

भाऊजी पुढच्या शिटेवर होते. त्यांनी मागे वळून विचारलं, "काऊन थांबवलास?"

मी तिचा हात माझ्या हातातून काढून तिच्या मांडीवर ठेवला.

पाणी उतरल्यावर गावच्या लोकांनी ट्रॅक्टर लावून गाडी बाहेर काढली आणि माझ्या दुकानात आणून टाकली. लोक म्हणत होते, ओंडका लागला, ओंडक्यानं साखळी तोडली. मला विचारलं तर मीही म्हणालो, "हाव, ओंडका लागला." किती सहज निघालं तोंडातून. शटर ओढून मी ते चाक उतरवलं. बेरिंगमध्ये ग्रीस नव्हतंच. पांढरं ताक होतं, त्यात गंजलेले छर्रे. उघड्या तोंडातून ग्रीस बाहेर आलं होतं हे खरं. त्याच तोंडातून नाला आत गेला होता. कोंडा बाहेर टाकायला उघडी ठेवलेली वाट पाण्याला आत यायला मोकळी होती, आणि हे समजायला मिस्त्री असावं लागत नाही. धान निवडणाऱ्या बाईला ते समजलं होतं. मी बाकीची सात उघडली. सगळ्यांत ताक. कमीजास्त, पण ताकच. मी तिथं जमिनीवर बसलो आणि स्वतःच्या दोन्ही हातांवर थुंकलो. हे लिहायला लाज वाटते, पण मी थुंकलो.

तेरवी झाली. तेरवीत लोक माझी पाठ थोपटत होते. बहिणीसाठी जिवाचं रान केलं पोरानं, म्हणत होते. मी मान खाली घालून बुंदी वाढत होतो.

त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानात आले. मृत्यूच्या दाखल्यासाठी दवाखान्याचे कागद लागत होते आणि त्यातले कोणते, हे त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी थैली माझ्यासमोर ठेवली. तोंड पिळलेलं, आणि त्यावर ती जाड काळी रिंग, तिनं लावली होती तशीच. थैलीच्या बाहेर नाल्याचा गाळ वाळून पापडी झाली होती.

"भिजले असन सारे कागद," भाऊजी म्हणाले.

मी रिंग सोडवली. कागद बाहेर काढले. कोरडे. एकाही कागदाचा कोपरा ओला नाही, शाई कुठं फुटलेली नाही. छातीशी धरलेली ती थैली झाडात बाईच्या हातून सुटली होती आणि चार तास गाडीतल्या पाण्यात, तिच्या पायाशी पडून होती.

भाऊजींनी एक कागद बोटांत धरून चोळून पाहिला. "बरं रबर दिलतास गा तिले. पान्याचा थेंब नाही जाऊ देला."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी गप्प राहिलो असतो. मी दारामागच्या खिळ्याकडे बोट केलं आणि सगळं सांगितलं. मिलची पद्धत सांगितली, तिनं काय विचारलं ते सांगितलं, मी तिला काय बोललो ते सांगितलं. पांढरं ग्रीस सांगितलं. ओंडका नव्हता हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मला वाटलं, आता कानाखाली बसेल, आणि बसावी असंही वाटलं.

ते उठले. खिळ्यावरच्या सात रिंगा काढल्या, मोजल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवल्या. मग टेबलावरची आठवी उचलून त्यांत ठेवली.

"आमच्या शेजारच्या घरच्या धाकट्या सुनेले सातवा महिना लागला," ते म्हणाले. "पाऊस आहे अजून. गाडी चालती कर."

मी त्याच आठवड्यात गोंदियाहून आठ बेरिंगं आणि नवी साखळी आणली. भाऊजी रोज सकाळी येऊन बाई बसायची त्या स्टुलावर बसायचे. चहा मागवला तर घ्यायचे नाहीत. नव्या बेरिंगचं बाहेरचं पातळ रबर मी तसंच राहू दिलं आणि त्यावर एकेक जाड रिंग चढवत गेलो. शेवटची रिंग हातात घेतली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. रागानं नाही. ज्याला ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचं आहे, तशा माणसानं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"हे कायले असते गा?"

बाईला मी याचं उत्तर दिलं नव्हतं.

"पानी आत जाऊ नये म्हणून, भाऊजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. खिशातून सुतळी काढून बाईच्या फाइलच्या थैलीचं तोंड बांधलं, आणि थैली काखेत घेऊन घरी गेले.